चोरदरवाज्यामागची नोकरी

(रात्रपाळीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रश्नावर झालेल्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण नर्सेस, कॉल सेंटरमधल्या मुली, रस्ते झाडणाऱ्या बाया यांच्या रात्रपाळीविषयी बोललो. मी ज्या जागेविषयी बोलणार आहे तिथे आपल्यापैकी फारशा कुणी गेल्या नसतील. मीही गेले नसते. पण आमच्या वस्तीतली एक मुलगी तिथे काम करते. ती म्हणाली, "ताई, तुम्ही एकदा येऊन बघा, मग काय ते बोला." म्हणून एका मैत्रिणीला घेऊन गेले. तिच्या परवानगीनेच सांगते आहे. तिचं आणि हॉटेलचं नाव मात्र सांगणार नाही.

मुंबईतलं पंचतारांकित हॉटेल. लॉबी ओलांडून एक बोळ, बोळाच्या टोकाला पुस्तकांचं कपाट. पाटी कुठेच नाही. आधी नाव नोंदवलं की मोबाईलवर एक परवलीचा शब्द येतो, तो तिथल्या माणसाच्या कानात सांगायचा. मग ते कपाटच दारासारखं उघडतं. आत मिणमिणते पितळी दिवे, जुनं अमेरिकन जॅझ संगीत, आणि एका पेल्याला हजाराच्या वर, कर वेगळा. मी काय घेतलं हे तुम्ही विचारालच. कोकम घातलेली जिन. घेतली आणि संपवलीही. (हशा) परवाना कुणी मागितला नाही. महाराष्ट्रात दारू प्यायला कायद्याने परवाना लागतो हे त्या खोलीत कुणाच्या गावीही नव्हतं.

अशा बारला 'स्पीकईझी' म्हणतात, म्हणजे 'हळू बोला'. हा शब्द अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात गाजला. ती बंदी 17 जानेवारी 1920 ला लागू झाली आणि 5 डिसेंबर 1933 ला उठली. ती यावी म्हणून तिथल्या बायकांच्या संघटना कित्येक वर्षं लढल्या होत्या. नवऱ्याचा पगार गुत्त्यात जात होता, मार घरी मिळत होता, कारण आपल्यासारखंच. पण बंदी आल्यावर दारू तळघरांत गेली, आणि पूर्वीच्या गुत्त्यांत ज्या बायकांना सहसा प्रवेश नसे त्या या चोरट्या बारमध्ये पुरुषांशेजारी बसू लागल्या. 1929 मध्ये पॉलिन सेबिन या बाईने बंदी उठवण्यासाठी स्त्रियांचीच संघटना उभी केली. बायका दोन्ही बाजूंना होत्या, हे मला महत्त्वाचं वाटतं.

हॉटेलवाल्यांना चोरट्या बारसाठी अमेरिका आठवली. मुंबईची त्यांना आठवली नाही. 1949 चा दारूबंदी कायदा आला, 1950 पासून पूर्ण बंदी झाली, आणि या शहरात 'आंटीचे अड्डे' चालू झाले. वांद्रे, माझगाव, धोबीतलाव अशा भागांत ख्रिस्ती बायका स्वतःच्या राहत्या खोलीत बाकडं टाकून हातभट्टीची विकत. चणे, उकडलेली अंडी, आणि दारावर पोलिसांची धास्ती. पुढे हिंदी सिनेमाने त्या आंटीचा विनोद केला. तिच्या धाडसाला कुणी पुस्तकांचं कपाट लावलं नाही. आणि लपून विकलेल्या दारूची किंमत आपल्या वस्त्या अजून मोजतात: जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. लपाछपी खेळ म्हणून खेळायची तर खिशात पैसे लागतात.

ही तफावत कायद्यानेही केलेली आहे. 2005 मध्ये सरकारने डान्सबार बंद केले तेव्हा तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट ठेवली होती. बंदी परमिट रूममधल्या आणि बिअर बारमधल्या बायकांवर. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो निकाल कायम ठेवला. मधल्या वर्षांत हजारो बायकांची रोजीरोटी गेली. त्या वादात स्त्री-संघटनाही एका बाजूला नव्हत्या, हे इथल्या जुन्या मैत्रिणींना आठवत असेल.

आता त्या मुलीकडे येते. ती बारच्या आत उभी राहून पेये बनवते. हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स केला आहे. बर्फ कसा फोडायचा, कडू-गोड कसं जुळवायचं, कुठल्या गिऱ्हाइकाला आता पुरे म्हणायचं, हे तिला नेमकं कळतं. तिचा हात चालताना बघत राहावा असा. बायकांनी बारमध्ये काम करू नये असा दिल्लीत जुना कायदा होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2007 मध्ये अनुज गर्ग प्रकरणात तो घटनाबाह्य ठरवला. बाईच्या रक्षणाच्या नावाखाली तिची नोकरी काढून घेता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय.

तिच्या घरी मात्र ती 'हाउसकीपिंगला' आहे. कारण तिची आई आपलीच कार्यकर्ती. नवरा दारूने गेला. वस्तीतली भट्टी ज्या बायकांनी फोडली त्यांत ही पुढे होती. अशा आईला काय सांगणार?

या लपवण्याचा परिणाम बघा. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीनेच कामाला ठेवता येतं, आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मालकाची. हॉटेलची गाडी आहे. पण ही हमरस्त्यावरच उतरते, कारण रात्री दीडला गाडीतून उतरताना शेजाऱ्यांनी पाहिलं तर चौकशी सुरू होईल. मग अर्धा किलोमीटर अंधारात चालत. एका गिऱ्हाइकाने हात धरला, त्याची तक्रारही तिने केली नाही. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून संरक्षण देणंही मालकाचं कर्तव्य आहे. मी हे सांगितलं. ती म्हणाली, "ताई, चौकशी झाली, घरी कळलं, तर नोकरी जाईल. हॉटेल नाही काढणार, आई काढेल."

मी आईला दोष देत नाही. तिने जे भोगलं ते मी कागदावर लिहून घेतलं आहे. पण दारूने होणारी मारहाण हा एक प्रश्न, आणि दारूच्या जागी नोकरी करणाऱ्या बाईची सुरक्षितता हा दुसरा. पहिल्यासाठी आपल्याकडे घोषणा आहेत, गाणी आहेत. दुसऱ्यासाठी अजून साधी बैठकही नव्हती.

ती आता सुरू झाली आहे. वेगवेगळ्या हॉटेलांतल्या पाच मुली सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी 3 ते 5 भेटतात. पहिल्या दोन बैठका बागेत झाल्या, तिसऱ्या वेळी रखवालदाराने उठवलं. त्यांना बसायला खोली हवी आहे. आपल्या कार्यालयात त्या येणार नाहीत, सोमवारी तिथे तिची आई बसते. कुणाकडे जागा असेल तर चहाच्या सुट्टीत मला भेटा.