दोन स्वरांमधील वाट

पेटीवर मींड निघत नाहीं, हें आपणां सर्वांस ठाऊकच आहे. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीवर बंदी घातली, तेव्हां तिच्यावरील प्रमुख आक्षेपांपैकीं हा एक होता. षड्जावरून गंधाराकडे गळा सरकत जातो. पेटीचा एक स्वर मिटतो आणि दुसरा उघडतो. आज संगणकाच्या साह्यानें पाश्चात्य वाद्यवृंद उभा करणाऱ्या संगीतकारापुढें अशाच जातीची अडचण असते. तिच्याविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

मुद्रित स्वरांपासून संगीत रचण्याची कल्पना तशी जुनी. १९६३ सालीं इंग्लंडांत निघालेल्या मेलोट्रॉन या वाद्यांत पट्टीपट्टीखालीं खऱ्या वाद्यांचे स्वर ध्वनिफितींवर मुद्रित केलेले असत. पट्टी दाबून धरली कीं स्वर सुमारें ८ सेकंद वाजे. स्वर खरा, वादक खरा; तरीहि दोन स्वर जोडून वाजविले कीं कृत्रिमपणा उघड होई. याचें कारण असें कीं, फितीवरील प्रत्येक स्वर शांततेंतून जन्मलेला असे. व्हायोलिनवादक एकाच गजांत सलग स्वर घेतो, ज्यास पाश्चात्य संगीतांत लेगाटो म्हणतात, तेव्हां दुसरा स्वर पहिल्याच्या कुशींतून निघतो. गज चालूच राहतो. फक्त बोट पडतें.

यावर उपाय निघाला तो असा कीं, स्वरापासून स्वरापर्यंतची वाटहि मुद्रित करावयाची. या शतकाच्या आरंभीं व्हिएन्ना सिंफॉनिक लायब्ररी या संस्थेनें हें काम मोठ्या प्रमाणावर केलें. तिचे संस्थापक हर्ब टुकमांडल हे स्वतः चेलोवादक होते. श्रमाचा हिशेब पहा. तीन सप्तकांतील ३७ स्वर घेतले व प्रत्येकापासून वरखालीं एका सप्तकापर्यंतच जावयाचें ठरविलें, तरी ७३२ वाटा होतात. मृदु, मध्यम आणि जोरकस अशा तीन प्रकारांनीं वाजविल्यास २,१९६!

एवढें करूनहि यंत्र आपोआप गाऊं लागत नाहीं. वाट चालावयास वेळ लागतो, म्हणून पुढील पट्टी किंचित् आधीं दाबावी लागते. स्वराचा जोर ओळीबरोबर चढावा-उतरावा लागतो. बासरीस श्वासाची जागा हवी, व्हायोलिनचा गज केव्हां तरी वळला पाहिजे. ज्या बासरीस कधींच दम लागत नाहीं, तिच्यावर कान विश्वास ठेवीत नाहीं.

या यंत्रांमुळें कित्येक वादकांचें काम गेलें, हें नाकारतां येत नाहीं. पण अशा हजारों वाटांवरून प्रथम कोणा वादकाचेंच बोट चाललें आहे. आणि ज्यानें वादकाशेजारीं बसून गज कोठें वळतो हें लक्षपूर्वक पाहिलें आहे, त्याच्याच हातीं हें यंत्र गातें.