खिशातले दुकान आणि आपली जबाबदारी

(भंडारदरा येथील विद्यार्थी शिबिरात केलेले भाषण)



आपण ज्या धरणाच्या काठी जमलो आहोत, ते प्रवरा नदीवरील विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले. इथे अडवलेल्या पाण्यावर खाली अकोले, संगमनेर, श्रीरामपूरकडची शेती उभी आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरचा धान्याचा डबा या पाण्याशी जोडलेला आहे. तेव्हा पावसाचे वेळापत्रक बिघडणे, उन्हाळा वाढणे हा केवळ मोठ्या परिषदांमध्ये चर्चिण्याचा विषय नव्हे. तो आपल्या घरचा विषय आहे.

मागच्या खेपेस मी नववीच्या मुलांना घेऊन इथे आलो होतो. परत निघताना आमच्या मुक्कामाच्या जागी पाण्याच्या बाटल्या आणि एकदाच वापरायच्या ताटल्यांचा ढीग पडला होता. आम्ही तो गोळा केला, पोत्यांत भरला. रागावून मी विचारले, "हे कोणी आणले?" एक मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, दुकानात जे पुढे मांडलं होतं तेच घेतलं." त्या उत्तराने मला गप्प केले. मुलगा बेफिकीर नव्हता. जे समोर असते ते माणूस उचलतो, एवढेच त्याने सांगितले.

आज दुकान आपल्या खिशात आले आहे आणि त्यात काय पुढे मांडायचे हे फार हुशार माणसे ठरवतात. "फक्त दोन नग शिल्लक", "दहा मिनिटांत सवलत संपणार" अशा खोट्या घाईला आपण सारे बळी पडतो. न विचारता टोपलीत जादा वस्तू टाकणे, नको म्हणणाऱ्याला ओशाळवाणे करणे असले १३ प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अनुचित ठरवले आहेत. मित्रांनो, ज्या कलेने माणसाला नको ते घ्यायला लावता येते, त्याच कलेने नको ते टाळायलाही मदत करता येणार नाही का?

येते. चीनमधील अलीबाबा समूहाच्या जेवण घरपोच देणाऱ्या अ‍ॅपने चमचे-काट्यांबाबत "नको" हा पर्याय आधीच निवडून ठेवला आणि तो कायम ठेवणाऱ्यास झाडे लावण्यासाठी गुण दिले. 'सायन्स' या नियतकालिकात २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार चमचे न मागवणाऱ्या ऑर्डरींचे प्रमाण सुमारे साडेसात पट झाले. आपल्याकडे झोमॅटोनेही २०२१ मध्ये, ग्राहकाने मागितल्याशिवाय चमचे न पाठवण्याची पद्धत सुरू केली. कोणावर सक्ती नाही, कोणाला उपदेश नाही. फक्त आधीची खूण बदलली.

हे वाचून आमच्या मुलांनी या शिबिरासाठी मोबाईलवर भरायची एक साधी यादी तयार केली. "ताट, पेला व पाण्याची बाटली घरून आणणार" या ओळीवर खूण आधीच केलेली होती. बोटांवर मोजण्याइतक्या पालकांनीच ती काढली. आज तुमच्यासमोर स्टीलची ताटे दिसत आहेत, त्यामागे एवढेच आहे.

तथापि आमच्या चुकाही सांगतो. पहिल्या यादीत आम्ही प्रत्येक वस्तूपुढे कार्बनचे ग्रॅम लिहिले होते. एक आई म्हणाल्या, "सर, ग्रॅम राहू द्या, पैसे किती वाचतील ते सांगा." त्यांचे बरोबर होते. उदाहरणार्थ, साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅट. रोज १० तास, वर्षात ३०० दिवस धरले तर १३५ युनिटांचा फरक पडतो. आपल्या वीजबिलाच्या दराने गुणून पाहा. रक्कम समोर येते. त्याबरोबर सुमारे ९५ किलो कार्बन डायऑक्साइडही वाचतो. २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकन सक्तीचे आहे. चांगल्या साधनाने ते तारे आणि वर्षाचा खर्च, किमतीच्या शेजारीच, मराठीत व उर्दूत दाखवावा.

दुसरी चूक अशी की प्रत्येक घरात असा मोबाईल असेल, असे आम्ही गृहीत धरले. एका विद्यार्थिनीने शेजाऱ्यांच्या मोबाईलवरून यादी भरली, हे नंतर कळले. त्यानंतर आम्ही कागदी यादीही दिली. ज्याला गरिबाची अडचण दिसत नाही ते साधन अपुरे समजावे.

आता मुख्य मुद्दा. हिरवे चित्र छापलेली वस्तू घेतली की कर्तव्य संपले असे मानू नका. २०२४ मध्ये पर्यावरणाबाबतच्या फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या, यावरून काय ते समजा. बहुधा सर्वांत चांगली खरेदी म्हणजे टळलेली खरेदी. आणि ही विद्या आपल्या समाजात नवी नाही. गादीचा कापूस पुन्हा पिंजून देणारे पिंजारी, भांड्यांना कल्हई करणारे, शिंपी, मिक्सर-पंखे दुरुस्त करणारे कारागीर, भंगार वेचून विकणारे, यांत आपलेच किती बांधव आहेत! नवी वस्तू एका बोटाने मिळू लागली तसे त्यांचे काम आटत चालले आहे. एका मुलाने मला विचारले, "सर, मिक्सर बंद पडला की मोबाईल नवाच दाखवतो. माझ्या अब्बांचं दुकान का दाखवत नाही?" या प्रश्नात पर्यावरणही आहे आणि एका घरची चूलही आहे.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' हे संकेतस्थळ सुरू केले. तेथे कंपन्यांच्या दुरुस्तीसेवेची माहिती मिळते. पण गल्लीतल्या कारागिराची यादी कोण करणार? विद्यार्थी मित्रांनो, ती तुम्ही करा. आपल्या गावातील प्रत्येक दुरुस्तीवाल्याला भेटा, त्याच्या परवानगीने काम, पत्ता आणि साधारण दर लिहून घ्या. "नवे घ्यायचे आहे" असे कोणी लिहिले की साधनाने प्रथम विचारावे, "दुरुस्त होईल का?" एवढे जमले तरी खूप झाले. लोकांची माहिती मात्र विकू नका. ती आपल्याकडे अमानत आहे.

पालकांना माझी विनंती आहे. मुलांचा मोबाईल केवळ काढून घेऊ नका. या कामासाठी त्यांच्याबरोबर बसा. वाहत्या नदीकाठी बसूनही वुजूसाठी पाणी जपून वापरावे, ही शिकवण आपल्याला आहे. समोर भरलेले धरण असतानाही फिजूलखर्ची ती फिजूलखर्चीच. नदीकाठी जो संयम, तोच दुकानात ठेवू या, मग ते दुकान खिशातले का असेना.