पहिले दहा हजार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



लहान प्रांताकडे उद्योग व भांडवल कसे वळवावे, या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली. हा प्रश्न निघाला म्हणजे परदेशांचे दाखले देण्याचा प्रघात आहे. आम्हांस इतके दूर जाण्याचे प्रयोजन वाटत नाही. आपल्याच मुलखातील औंध संस्थानाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याचा वस्तुपाठ घालून दिला आहे.

औंध म्हणजे अवघ्या ७२ गावांचे संस्थान, आणि तीही सलग नव्हेत. औंध, कुंडल, आटपाडी व दूर विजापुराकडील गुणदाळ असे त्याचे तुकडे विखुरलेले. ना बंदर, ना खाण. आटपाडीकडे तर पावसाचीही वानवा. अशा ठिकाणी कोणी उद्योजक आपण होऊन कशास यावा?

लक्ष्मणराव किर्लोस्कर आले ते अडचणीत सापडले म्हणून. बेळगावात त्यांचा नांगर व कडबा कापण्याची यंत्रे तयार करण्याचा लहानसा कारखाना होता. ती जागा नगरपालिकेच्या निर्णयामुळे त्यांना सोडावी लागली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज असण्याचा तो काळ. म्हणजे गिऱ्हाईक बेताचे, आणि आता डोक्यावर छप्परही नाही! १९०९ साली गादीवर आलेल्या श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले. निवडुंगाने व सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे स्टेशनासही तेच नाव मिळाले.

येथे काय दिले यापेक्षा कसे दिले, हे पाहावे. जमीन मिळाली ती आगगाडीच्या वाटेवरची. लोखंड यावयाचे व नांगर जावयाचे ते तिथूनच. मदत मिळाली ती गरज होती त्या घटकेस. लक्ष्मणरावांनीही विश्वासाची परतफेड विश्वासानेच केली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले आणि वसाहतीत अस्पृश्यतेला थारा दिला नाही. ज्ञातीच्या व्यासपीठावरून तर हे आवर्जून सांगितले पाहिजे.

परंतु गोष्ट येथेच संपत नाही. किर्लोस्करांचा पुढील विस्तार १९४१ साली म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे आणि १९४६ साली पुण्यात झाला. औंध १९४८ साली विलीन झाले. किर्लोस्करवाडी आजही नांदती आहे; पण त्याच संस्थानातील आटपाडी दीर्घकाळ दुष्काळीच राहिली. उद्योग आपल्या सोयीने वाढतो, त्यात गैर काही नाही. मात्र एका कारखान्याची सावली साऱ्या मुलखावर पडत नाही, हे आपण ओळखले पाहिजे.

खानापूर-आटपाडीकडील कितीतरी कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईसाठी भारतभर पसरली. त्यांचा पैसा गावी येत नाही असे नाही. पण तो बहुधा घरांत व देवळांच्या कळसांत अडकून पडतो. इतरांस कशास बोल लावावा? आम्ही गावी बांधलेले घर वर्षाचे अकरा महिने कुलूपबंद असते, हे कबूल करताना आमचीच मान खाली जाते.

आज टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी आटपाडीकडे आले आहे. डाळिंबाच्या बागा आहेत, शिकलेली मुले आहेत. उणीव आहे ती पहिल्या दहा हजारांची, आणि ते विश्वासाने देणाऱ्याची.

म्हणून आमची सूचना अशी की, मंडळाच्या नियोजित वास्तूसाठी जमलेल्या निधीपैकी अर्धा भाग गावाकडे धंदा काढणाऱ्या तरुणांस कर्जाऊ द्यावा. अर्जदार आपल्याच ज्ञातीचा असावा, असा आग्रहही धरू नये. गावात दहा हातांना काम मिळाले तर त्यांत आपलेही दोन असतील. काही सभासदांस ही सूचना रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. पण वास्तू दोन वर्षे उशिरा झाली तरी ती होईल. गाव सोडून गेलेली मुले मात्र त्या वास्तूच्या उद्घाटनाचे निमंत्रण पाठवून परत येणार नाहीत.

सभेने या सूचनेचा विचार करावा, इतकी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.