भुताचा पत्ता

रात्री एकट्यानं निघालात आणि मागून पावलं वाजायला लागली, तर काय करायचं? आपल्याकडं सांगतात, मागं वळून बघू नको, देवाचं नाव घे आणि पाय उचल. जपानातल्या नारा भागातल्या लोकांची रीत जास्त अदबीची होती. रस्त्याच्या कडेला सरकायचं आणि म्हणायचं, "बेतोबेतोसान, तुम्ही पुढं व्हा." मग पावलं पुढं निघून जातात आणि वाट मोकळी होते. हा बेतोबेतोसान कुणी कधी पाहिलेला नव्हता. तो नुसता आवाज होता. पुढं शिगेरू मिझुकी नावाच्या चित्रकारानं त्याला अंग दिलं. गोल गरगरीत धड, खाली दोन पाय आणि तोंडभर हसू. आज जपानातलं शेंबडं पोरही त्याला चित्रावरून ओळखतं.

जपानी भुताच्या गोष्टी चित्रकथांमध्ये, म्हणजे ज्याला आपण कॉमिक्स म्हणतो त्यात, कशा गेल्या, हा आजचा विषय. सातपुड्यातल्या खापर, अक्कलकुवा, मोलगीच्या श्रोत्यांना हे कशासाठी सांगायचं, तेही ओघात येईल.

या गोष्टी जगभर पोचवणारा माणूस जन्मानं जपानी नव्हता. लाफ्काडिओ हर्न १८५० साली ग्रीसच्या एका बेटावर जन्मला. वडील आयरिश, आई ग्रीक. बालपण डब्लिनमध्ये गेलं, पोरवयातच एक डोळा गेला, मग अमेरिकेत वर्तमानपत्रांत नोकरी. १८९० मध्ये तो जपानला पोचला आणि मात्सुए गावी इंग्रजीचा मास्तर झाला. सेत्सु कोइझुमी या सामुराई घराण्यातल्या बाईशी त्यानं लग्न केलं आणि १८९६ मध्ये जपानी नागरिकत्व घेऊन कोइझुमी याकुमो हे नाव धारण केलं. त्याला जपानी धड वाचता येत नव्हतं. गोष्टी शोधायच्या त्या सेत्सुबाईंनी आणि सांगायच्याही त्यांनीच. रात्री दिव्याची वात बारीक करून त्या सांगायला बसत. हातात पुस्तक धरलं की नवऱ्याला चालत नसे. वाचून दाखवू नकोस, तुझ्या शब्दांत सांग, असा त्याचा हट्ट. १९०४ मध्ये त्याचं 'क्वाइदान' हे पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी तो वारला. मुखपृष्ठावर नाव एकट्या हर्नचं. मला विचाराल तर निम्मं पुस्तक सेत्सुबाईंचं आहे.

त्यातली एक गोष्ट थोडक्यात सांगतो. दोन लाकूडतोडे, एक म्हातारा आणि एक तरुण, हिमवादळात सापडून नदीकाठच्या नावाड्याच्या खोपीत रात्र काढतात. मध्यरात्री तरुणाला जाग येते. पांढरीशुभ्र बाई म्हाताऱ्याच्या तोंडावर वाकून फुंकर घालतेय. म्हातारा जागच्या जागी गोठतो. ती तरुणाकडं वळते, क्षणभर न्याहाळते आणि म्हणते, तू तरुण आहेस, तुला सोडते. पण हे कुणाला सांगितलंस, अगदी आईलासुद्धा, तर जिवंत ठेवणार नाही. पुढं वर्षभरानं त्याला वाटेत एक देखणी मुलगी भेटते. लग्न होतं, दहा मुलं होतात, बायकोचं वय काही वाढत नाही. एका रात्री ती दिव्यापाशी शिवत बसलेली असताना त्याला ती जुनी रात्र आठवते आणि तो सांगून टाकतो. बायको उठून उभी राहते. ती मीच होते, म्हणते. झोपलेल्या मुलांसाठी म्हणून तुला सोडते, त्यांना जप. आणि धुकं होऊन धुराड्यातून निघून जाते.

ही हिमबाई पुढं सिनेमात आली, चित्रकथांत तर कितीदा तरी आली. मला त्यातली एक बारीक गोष्ट फार मोलाची वाटते. हर्ननं प्रस्तावनेत नोंदवलंय की ही कथा त्याला मुसाशी प्रांतातल्या चोफू गावच्या एका शेतकऱ्यानं आपल्या गावची दंतकथा म्हणून सांगितली. म्हणजे भुताला पत्ता आहे. गाव आहे, नदी आहे, खोप आहे.

पत्त्यासकट गोष्टी नोंदवायचं काम सगळ्यांत नेटकं केलं ते कुनिओ यानागिता यांनी. हे सरकारी अधिकारी. उत्तरेकडच्या डोंगरातल्या तोनो गावचा एक तरुण, किझेन सासाकी, त्यांच्याकडं येई आणि गावाकडचं सांगे. घरात राहणारं आणि दिसलं तर भरभराट आणणारं लहान मूल, कप्पा नावाची नदीतली भुतं, डोंगरात नाहीशा झालेल्या बाया. यानागितांनी अशा ११९ नोंदी करून १९१० मध्ये 'तोनो मोनोगातारी' छापलं. पहिल्या छपाईच्या प्रती फक्त ३५०. बऱ्याच नोंदी दोनचार ओळींच्या, कोरड्या. अमक्या घरातला अमका, तमक्या डोंगरावर, हे असं घडलं. पालुपद नाही, तात्पर्य नाही. याच पुस्तकाची चित्रकथा मिझुकींनी केली, ती अगदी म्हातारपणी, नव्वदीच्या उंबरठ्यावर.

या भुतांचा हंगामही ठरलेला असतो. आपल्याकडं भुताची गोष्ट रंगते ती थंडीत, शेकोटीभोवती. जपानात ती उन्हाळ्यात. ऑगस्टच्या सुमारास तिथं ओबोन येतो, आपल्या पितृपंधरवड्यासारखाच, पूर्वज घरी येण्याचा सण. नाटकवालेही भुताची नाटकं उन्हाळ्यातच लावत. उकाड्यात अंगावर काटा आला की तेवढाच गारवा, असंही लोक हसत सांगतात. जुन्या काळी शंभर गोष्टींची बैठक भरे. निळा कागद लावलेल्या दिव्यात शंभर वाती, एक गोष्ट झाली की एक वात विझवायची. शंभरावी विझली की खरंखुरं भूत येणार, म्हणून बरेच जण नव्व्याण्णववर थांबत. शहाणी माणसं.

आणि चित्रं? तीही जुनीच. १७७६ मध्ये सेकिएन तोरियामा यांनी भुताखेतांची सचित्र पोथीच छापली, एका पानावर एक भूत आणि त्याचं नाव. त्याच शतकातल्या ओक्यो मारुयामा यांच्या नावावर अशी भुतं आहेत की ज्यांना कमरेखाली काही नाही, पाय धुक्यात विरलेले. तेव्हापासून जपानात मेलेल्या माणसाच्या भुताला पाय नसतात असा समजच पक्का झाला. आपल्या भुताचे पाय उलटे, त्यांच्या भुताला पायच नाहीत. भूत ओळखायला दोघांनीही पायांकडंच बघावं, याची मला गंमत वाटते.

आता मिझुकींकडं येतो. जन्म १९२२. वाढले ते साकाइमिनातो या बंदराच्या गावात. शेजारपाजारची एक गरीब, देवभोळी म्हातारी या पोराला सांभाळायची. तिला सगळे नोन्नोनबा म्हणत. घराच्या छतावरचा डाग दाखवून ती सांगे, रात्री लांब जिभेचं एकजण येऊन छत चाटतं, त्याचा हा डाग. न्हाणी घासली नाही की ती चाटायला येणारं भूत वेगळं. घर, गल्ली, देऊळ, समुद्र, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी राहतं, असा तो भूगोल होता. पुढं दुसरं महायुद्ध आलं. मिझुकींना सैन्यात भरती करून पॅसिफिक महासागरातल्या राबाउलच्या आघाडीवर पाठवलं, तिथं बॉम्बहल्ल्यात त्यांचा डावा हात गेला. परत आले ते एका हातानं चित्रं काढत.

सुरुवातीला त्यांनी कामिशिबाईची चित्रं काढली. सायकलीवर लाकडी चौकट घेऊन माणूस गल्लीत येई, पोरांना गोळ्या विकी आणि चौकटीत एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगे. आपल्याकडं सिंधुदुर्गात पिंगुळीचे ठाकर चित्रकथी सांगतात, त्यातही एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातले प्रसंग गात गात सांगायचे. जपानात टीव्ही आला आणि कामिशिबाई बसली, तेव्हा मिझुकी भाड्यानं मिळणाऱ्या पुस्तकांकडं वळले. दिवसाला काही नाणी देऊन कॉमिक्स घरी न्यायची दुकानं तिथं गल्लोगल्ली होती. तशी आपल्याकडच्या लायब्ररीवाल्यांचीही होती, ती अजून पुष्कळांना आठवत असतील. १९६० मध्ये अशाच भाडेपुस्तकांत मिझुकींचा कितारो अवतरला, स्मशानात जन्मलेला एकाक्ष भूतपोरगा. मूळ पात्र १९३०च्या दशकातल्या कामिशिबाईतलं, मिझुकींनी ते नव्यानं रचलं. १९६५ पासून तो मोठ्या साप्ताहिकात छापला जाऊ लागला, १९६८ मध्ये टीव्हीवर आला. त्याच्या अवतीभवती जी भुतं नाचतात त्यांतली कितीतरी नोन्नोनबाच्या गोष्टींतली आणि यानागितांच्या नोंदींतली आहेत. त्या म्हातारीवरच्या मिझुकींच्या पुस्तकाला २००७ मध्ये फ्रान्सच्या आंगुलेमला सर्वोत्तम चित्रकथेचा मान मिळाला. साकाइमिनातोत आज एक रस्ता आहे, त्याच्या दुतर्फा भुतांचे पावणेदोनशेहून जास्त काशाचे पुतळे. लोक त्यांच्याबरोबर फोटो काढतात.

मिझुकींची भुतं पोरांशी दोस्ती करतात. घाम फोडणारी भुतं इतरांनी काढली. काझुओ उमेझूंना वडील लहानपणी डोंगरातल्या दंतकथा सांगत. त्यांनी १९६०च्या दशकात मुलींच्या साप्ताहिकात सर्पमाता काढली, आई रात्री सापाचं तोंड करून येते अशी, आणि एका पिढीला आईच्या कुशीतच भीती दाखवली. जुंजी इतो हे आधी दाताच्या कवळ्या बनवायचं काम करत. १९८७ मध्ये उमेझूंच्या नावच्या स्पर्धेत त्यांच्या पहिल्या कथेची दखल घेतली गेली. आज जगभर जपानी भयचित्रकथा म्हटली की त्यांचंच नाव येतं. त्यांचं रेखाटन विलक्षण आहे, तरी माझी ओढ मिझुकींकडंच. इतोंची भीती त्यांच्या स्वतःच्या डोक्यातली, मिझुकींच्या मागं गावंच्या गावं उभी आहेत.

मराठीत भुतं कमी नाहीत. हडळ, मुंजा, वेताळ, खवीस, चकवा, लावसट. कथाही कमी नाहीत, नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी पिढ्या जागवल्या. पण चित्रात उतरलेला म्हणाल तर एक वेताळ ठळक आठवतो, 'चांदोबा'तला. विक्रमराजाच्या खांद्यावर लोंबणारं प्रेत, ते चित्र शंकर यांचं, म्हणजे मद्रासहून आलेलं. हडळीला मात्र तिचा मिझुकी मिळाला नाही.

खापरच्या आसपास तर गोष्टींचं रान आहे. महामार्गावरून पश्चिमेला गेलं की सागबारा, त्या तालुक्यातल्या देवमोगऱ्यात याहा मोगी देवीचं ठाणं. वर डोंगरात दाब, जिथून आपलं मूळ निघालं असं सातपुड्यातले लोक सांगतात. चित्राची सवय इथं नाही असं कुणी म्हणू नये. काठी गावच्या राजवाडी होळीला बुध्या बनलेले नाचे अंगभर राखेची नक्षी काढून, मोरपिसांचा टोप घालून रात्रभर नाचतात. इथल्या देहवाली बोलीत लिहायची सुरुवातही झालेली आहे, बडोद्याच्या भाषा संस्थेच्या 'ढोल'मध्ये तिला जागा मिळाली.

पण इथं एक पेच आहे आणि तो जपानच्या हिमबाईला नाही. सातपुड्यात डाकीण ही केवळ गोष्ट नाही. गावात कुणी आजारी पडलं, गुरं मेली, की भगत एखाद्या बाईकडं बोट दाखवतो. बहुधा ती विधवा असते, एकटी असते किंवा तिच्या नावावर जमीन असते. मग मारहाण, गावाबाहेर काढणं, काही वेळा जीवही जातो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते या भागात वर्षानुवर्षं याविरुद्ध काम करत आले आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अशा कृत्याला सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. तेव्हा डाकिणीचं झकास भयचित्र काढलं, चेहरा मात्र शेजारच्या म्हातारीचा निघाला, तर त्या चित्रानं काय होईल, हे चित्रकारानं आधी बघायला हवं. जपानातही पोरांना भुताची भीती वाटे, पण नोन्नोनबानं छत चाटणाऱ्याचं खापर कुणा शेजारणीवर फोडलं नव्हतं.

म्हणून आश्रमशाळेतल्या मास्तरांना आणि बाईंना एक सुचवतो. सुट्टीत घरी जाणाऱ्या मुलामुलींना वही द्या. आजी-आजोबांकडून गोष्ट ऐकायची, यानागितांसारखी दोनचार ओळींत लिहायची, समोरच्या पानावर चित्र काढायचं. फुग्यातलं बोलणं देहवालीत, वसावीत, घरी जे बोलतात त्यात. सांगणाऱ्या आजीचं नाव, तिची परवानगी घेऊन, वर मोठ्या अक्षरात. नाला कोणता, टेकडी कोणती, मोहाचं झाड कोणतं, तेही लिहायचं. आणि गोष्टीत डाकीण आली, तर तिचा चेहरा गावातल्या कुणासारखाही दिसता कामा नये. तिला सेकिएनसारखं शिंग द्या, शेपूट द्या, मिझुकींसारखं गोल पोट द्या, पोरांना हवं ते द्या.