किल्ली कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आमच्या सल्ला केंद्रात 'कॉम्प्युटर बघणारी' अशी माझी ओळख आहे. बघणारी म्हणजे काय, तर सात संगणक चालते ठेवायचे, कोणाला कोणती फाइल उघडता येईल ते पाहायचं, रोजच्या नोंदींची दुसरी प्रत काढायची आणि प्रिंटर रुसला की त्याची समजूत घालायची. याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असा भारदस्त शब्द आहे. पण काम घरकामाच्या जातीचं. झालं तर कोणाला दिसत नाही, राहिलं तर सगळ्यांना दिसतं.

आज लिनक्स आणि मुक्त सॉफ्टवेअर याबद्दल बोलायचं आहे. 'हा विषय आपला कसा?' असं काहीजणींच्या मनात आलं असेल. म्हणून आधी सांगते, आमच्या संगणकांत काय असतं. मारहाण होऊन आलेल्या बाईचा जबाब असतो. ती सध्या कोणाकडे राहते तो पत्ता असतो. मुलांच्या शाळेचं नाव, दवाखान्याचे कागद, वकिलाची पत्रं असतात. यातला नुसता पत्ता चुकीच्या हाती गेला तर तिच्या जिवावर बेतू शकतं.

पूर्वी हे सगळं लोखंडी कपाटात असायचं आणि किल्ली केंद्रातल्या ताईंच्या कनवटीला. संगणक आले तेव्हा कपाट आपलंच राहिलं, किल्ली मात्र नकळत बाहेर गेली. मशीन बिघडलं की दुरुस्ती करणारा मुलगा ते उचलून दुकानात नेई. आतली डिस्क कुलपाविना. पासवर्ड त्यानेच घातलेला, त्यालाच ठाऊक. त्याने काही वावगं केलं असं मी मुळीच म्हणत नाही. पण ज्या नोंदी आपण बाईच्या सख्ख्या भावालाही दाखवत नाही, त्या आठवडाभर बाजारातल्या दुकानात पडून असत, आणि याची चर्चा एकाही बैठकीत झाली नव्हती. 'त्यातलं आपल्याला काय कळतं' म्हणून आपण गप्प. हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. घराच्या व्यवहाराबद्दल, जमिनीच्या सातबाऱ्याबद्दल बाया हेच म्हणत आल्या.

आता लिनक्सबद्दल. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला. भूमिका अशी की, सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते हवं तसं चालवण्याचा, आतून पाहण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा हक्क असावा. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो याच तत्त्वाच्या परवान्याखाली सर्वांना खुला केला. इथे 'फ्री' म्हणजे मुक्त. फुकट मिळतं हा वरचा फायदा.

मला नेहमी विचारतात, "सॉफ्टवेअर उघडं, म्हणजे आपल्या नोंदीही उघड्या का?" नाही. कुलूप कसं बनतं हे सगळ्यांना माहीत असलं, तरी तुमच्या कुलपाची किल्ली तुमच्याकडेच असते. उलट कुलूप जाणकारांनी पारखलेलं असतं.

रोजच्या कामातली उदाहरणं देते. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला तीन नाती असतात: मालक, गट आणि इतर. प्रत्येकाला वाचायची, लिहायची, चालवायची परवानगी वेगळी. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १ असा हिशेब. आमच्या जबाबांच्या फाइलींना ६६० असा आकडा आहे. म्हणजे मालकीण आणि समुपदेशकांचा गट यांना वाचता-लिहिता येतं, इतरांना शून्य. आकडा घालायला मला क्षणभर लागतो. पण गटात कोण असावं, हे ठरवायला दोन बैठका लागल्या. हिशेब पाहणारीला जबाब दिसावा का? विश्वस्तांना? नव्याने आलेल्या विद्यार्थिनीला? ही चर्चा पूर्वी झालीच नव्हती. संगणकाने ती करायला लावली.

याच्याही वर एक सत्ता आहे, तिला रूट म्हणतात. रूटला कोणतीच फाइल बंद नाही. म्हणजे मीच! सत्तेबद्दल आपण एवढं बोलतो, तर या सत्तेबद्दलही बोलायला हवं. म्हणून आम्ही नियम केला. रूट म्हणून थेट शिरायचं नाही, 'सुडो' वापरायचं. त्यामुळे कोणी, केव्हा, कोणता अधिकार वापरला याची नोंद होते. ती नोंद दुसऱ्या मशीनवर जाते आणि त्या मशीनचा पासवर्ड माझ्याकडे नाही, दुसऱ्या ताईंकडे आहे. सगळ्या डिस्क कुलूपबंद केल्या आहेत. मशीन चोरीला गेलं तरी सांकेतिक वाक्याशिवाय आतलं वाचता येत नाही. ते वाक्य हरवलं तर मात्र आपल्यालाही येत नाही. म्हणून ते लाखबंद पाकिटात, संस्थेच्या लॉकरमध्ये ठेवलं आहे.

दुसरा अनुभव मराठीचा. नव्वदच्या दशकातले आमचे अहवाल तेव्हाच्या फाँटमध्ये टाइप केलेले. प्रत्येक कंपनीची अक्षरांची रचना निराळी. तो फाँट नसेल तर पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं. म्हणजे आपल्याच चळवळीचा इतिहास आपल्यालाच वाचता येईना. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण वापरात यायला फार वर्षं गेली. रूपांतर करणारा प्रोग्राम बरंचसं काम करतो, तरी रफार आणि जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात. दोघीजणी महिनोन्‌महिने ते करत होत्या. आता आम्ही सगळं युनिकोडमध्ये, लिब्रेऑफिसच्या खुल्या स्वरूपात ठेवतो. हे स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. उद्या कंपनी बंद पडली तरी नोंदी वाचता येतील.

तिसरा अनुभव जुन्या मशीनचा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि आमच्यातले चार संगणक पुढच्या आवृत्तीच्या अटींत बसेनात. नवे घ्यायला पैसे नव्हते. थोडी मेमरी वाढवून त्यांवर डेबियन बसवलं, वर हलकासा डेस्कटॉप. चालू आहेत.

अडचणीही सांगायला हव्यात. आमच्या हिशेबनिसाला लागणारं सॉफ्टवेअर इथे सरळ चालत नाही, म्हणून एक संगणक विंडोजचाच ठेवला आहे. त्यावर जबाबांच्या फाइली उघडत नाहीत. वकिलांकडून येणाऱ्या मजकुरातले तक्ते कधी विस्कटतात. प्रिंटर घेताना आधी चौकशी करावी लागते. पहिले दोन महिने सगळ्याजणी माझ्यावर वैतागल्या होत्या.

आता जरा बाहेर पाहू. २०१४ साली ओपनएसएसएल या, जगभर वापरल्या जाणाऱ्या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठं भगदाड सापडलं. तेव्हा लोकांना कळलं की ते सांभाळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. २०२४ साली एक्सझेड नावाच्या छोट्या प्रोग्रामचं प्रकरण झालं. तो जवळजवळ एकच माणूस छंद म्हणून, बिनपगारी सांभाळत होता. थकलेला होता. मदतनीस म्हणून आलेल्या एका अनोळखी व्यक्तीने दोन-अडीच वर्षं विश्वास मिळवला आणि चोरवाट घालून ठेवली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्याने छडा लावला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ती चोरवाट पोचलीच नव्हती, म्हणून आमच्यासारखे वाचले. सगळ्यांचं घर ज्याच्या कष्टावर उभं, त्याच्या कष्टाची किंमत शून्य. हे गणित बायांना समजावून सांगावं लागत नाही.

आणि या कामात बाया किती? २००६ साली ग्नोम या मुक्त प्रकल्पाकडे गूगलच्या उन्हाळी योजनेतून १८१ अर्ज आले. त्यांत बाईचा एकही नव्हता. त्यांनी लगेच स्त्रियांसाठी सशुल्क, म्हणजे मानधन देणारी योजना काढली. तीच वाढून आज आउटरीची झाली आहे. दार मुद्दाम उघडलं की बाया येतात. लिनक्समध्ये मदत मागायची आज्ञा आहे 'मॅन'! मॅन्युअलचं ते लघुरूप. आमच्या मुली हसतात, "इथेही मॅनलाच विचारायचं का?" मी म्हणते, विचारा, वाचा आणि मग मराठीत आपली वही लिहा.

तशी वही आम्ही लिहिली आहे. सोमवारी कोणती आज्ञा देऊन दुरुस्त्या उतरवायच्या, रात्रीची प्रत नीट झाली का कसं पाहायचं, सगळं पायरीपायरीने. दर तीन महिन्यांनी माझ्याऐवजी दुसरी ताई ती वही घेऊन बसते आणि प्रतीतून एखादी फाइल परत काढून दाखवते. परत काढता आली नाही, तर ती प्रत आहे असं आम्ही धरत नाही.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. उद्याच लिनक्स बसवा असा माझा आग्रह नाही. आपापल्या केंद्रात गेल्यावर पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. आपल्या नोंदी कोणाकोणाला उघडता येतात? पासवर्ड कोणाकडे आहे? ती व्यक्ती उद्या आली नाही तर दुसऱ्या कोणाला काम येतं? उत्तर 'माहीत नाही' आलं तर तिथून सुरुवात करा. दोघीजणी निवडा, त्यांना शिकायला वेळ द्या आणि त्या वेळाचं मानधनही द्या. आपल्याकडे विश्वासाने आलेल्या बाईचं आपण एवढं देणं लागतो.