लॅपटॉपची रेघ का घसरते?



आजचा विषय कोणाला क्षुल्लक वाटेल. लॅपटॉप उघडावा आणि त्यावरची वायफायची कमान एका रेघेवर यावी, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? परंतु २०२० च्या टाळेबंदीत ज्या घरातील मुलांची शाळा त्या एका रेघेला लोंबकळत होती, ते घर असे म्हणणार नाही. नोकरीची मुलाखतही आता पुष्कळदा पडद्यावरच होते. मध्येच आवाज तुटला, तर पलीकडच्या गृहस्थाला उमेदवारच अडखळला असे वाटते.

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यास बिनतारी लहरी भिंतींपार धाडून घंटा वाजवून दाखविली. मग आमच्या दिवाणखान्यातल्या लहरी मागच्या खोलीपर्यंत का पोचू नयेत? कारण आपल्या इमारतींच्या खांबांत, तुळयांत आणि स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या आहेत. साध्या विटेतून लहर थोडी थकून जाते. लोखंडी कपाटावर किंवा मोठ्या आरशावर मात्र ती आपटून परतते.

खारीतले लोक दोष हवेला देतात. मिठागरांचा हा पट्टा, खारट वारा, त्यात लहरी विरतात, असे म्हणतात. घरातल्या वीस-तीस फुटांत खाऱ्या हवेचा काही परिणाम जाणवत नाही. पाणी मात्र लहरी शोषते. वाटेत माशांची काचेची पेटी किंवा भरलेले पिंप असेल तर ते जरूर बाजूला सारावे. खारी हवा नडते ती वेगळ्या ठिकाणी: गच्चीवरच्या तांब्याच्या तारांचे उघडे जोड ती गंजविते.

तेव्हा काही विकत आणण्यापूर्वी एक साधी पारख करा. लॅपटॉप राउटरपासून पाचसहा फुटांवर न्या आणि शेजारी मोबाइल ठेवा. तेथे सारे सुरळीत चालले, तर दोष मधल्या घराचा. रेघा पूर्ण असूनही काम रखडले, तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडून पाहा. तरीही रखडलेच, तर बाहेरून येणारा पुरवठाच मंद, आणि तेथे वायफायला बोल लावण्यात अर्थ नाही.

दोष घराचा असला तर उपाय बहुधा स्वस्त असतो. जोडणारा माणूस तार जिथून आत आली तिथेच, दाराशी किंवा दूरदर्शन संचाच्या मागे, राउटर ठेवून जातो आणि आपण तो वर्षानुवर्षे हलवीत नाही. थोडी लांब केबल घेऊन तो घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळा ठेवावा. दूरच्या खोलीसाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा बरा. त्याची लहर सुमारे साडेबारा सेंटीमीटरची, भिंतीतून बऱ्यापैकी निभावते. पण चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत त्याच पट्ट्यावर सर्वांचा गलका असतो. एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तेथे तीनच, १, ६ आणि ११. मायक्रोवेव्हची भट्टीही त्याच पट्ट्यात गुरगुरते. राउटरच्याच खोलीत बसणाऱ्याने म्हणून ५ गिगाहर्ट्झ घ्यावा.

नुसता जोरकस राउटर आणणाऱ्यांना एवढेच सांगतो की हे संभाषण आहे, दवंडी नव्हे. राउटरचा आवाज लॅपटॉपला ऐकू आला, तरी लॅपटॉपचे क्षीण उत्तर राउटरपर्यंत पोचले पाहिजे.

उरला लॅपटॉप. त्याचे अँटेना बहुधा पडद्याच्या कडेत बसविलेले असतात आणि त्यांच्या केसाएवढ्या तारा बिजागरीतून खाली येतात. पडदा बदलताना किंवा यंत्र उघडताना त्यातली एखादी निसटते. दुरुस्तीवाल्याकडे जाल तेव्हा ‘नेट चालत नाही’ असे सांगू नका. ‘राउटरजवळ मोबाइलला पूर्ण रेघा, लॅपटॉपला एकच,’ असे सांगा; म्हणजे तो आधी त्या तारा तपासील.