किड्याचे चित्र आणि दिव्याची जागा



विद्यार्थी-गौरव आणि हिशेबाचे वाचन यांच्यामध्ये आपल्या संमेलनात अर्धा तास रिकामा उरतो, व तो कोणातरी वृद्धाच्या स्वाधीन करण्याचा प्रघात आहे. यंदा तो मान आम्हांस लाभला. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक निवृत्त शाळामास्तर. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. निवृत्तीनंतर ज्या छंदात आम्ही रमलो त्याविषयीच चार शब्द सांगतो. किडामुंगीची अगदी जवळून छायाचित्रे काढणे, ज्यास मॅक्रो छायाचित्रण म्हणतात, तो हा छंद होय.

या कामातील अडचण प्रथम ध्यानात घ्यावी. मुंगी जेवढी असेल तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्याच्या आतील पडद्यावर पाडावयाची म्हटले, तर भिंग किड्यापासून वीतभर किंवा त्याहूनही जवळ न्यावे लागते. मग चित्रातील स्पष्ट भाग जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीचा उरतो. डोळा स्पष्ट आला तर मिशा धूसर. तेवढी जाडी मिळविण्यासाठीही भिंगाचे छिद्र बरेच लहान करावे लागते. त्यातच, इतक्या जवळून चित्र घेताना आतील पडद्यावर पोहोचणारा प्रकाश दूरच्या देखाव्याच्या मानाने चौथाईवर येतो. प्रकाश कमी, म्हणून झडप अधिक वेळ उघडी ठेवावयाची. आणि तेवढ्या वेळात किडा हलतो, पान हलते, आणि साठी उलटलेल्या माणसाचा हातही हलतो.

आमचा हात थरथरू लागला तेव्हा आम्ही एक पाप केले, ते येथे कबूल करतो. कोणीतरी सांगितले की किडा थंड केला म्हणजे निश्चल बसतो. आम्ही एक सुरेख हिरवा भुंगेरा डबीत घालून फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी ठेवला. घरातून बोलणी खाल्ली ती वेगळीच. चित्र स्थिर आले खरे, परंतु पाय असे लुळे पडलेले, की ते जिवंत प्राण्याचे चित्र आहे असे कोण म्हणेल? भुंगेरा पुन्हा उठला नाही. ज्यांनी पस्तीस वर्षे मुलांना भूतदयेचे धडे दिले त्यांच्या हातून हे घडले! आम्ही कॅमेरा कपाटात ठेवून दिला.

पुढे एका जुन्या विद्यार्थ्याने आपला जुना फ्लॅश आणि त्याची गुंडाळीची वायर आणून दिली, आणि कपाट पुन्हा उघडले.

फ्लॅशचा गुण त्याच्या तेजात जितका आहे तितकाच त्याच्या अल्पायुष्यात आहे. पूर्ण शक्तीने उडविला तर तो तुलनेने बराच वेळ चमकतो; परंतु शक्ती पुष्कळ कमी केली असता सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी काळात विझतो. तेवढ्या अवधीत आमचा हात काय थरथरणार? ही युक्ती आजची नव्हे. 1851 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फॉक्स टॅल्बट यांनी गरगर फिरणाऱ्या चाकावर वर्तमानपत्राचा कागद चिकटवून विजेच्या ठिणगीच्या उजेडात त्याचे छायाचित्र घेतले होते. अमेरिकेतील हॅरोल्ड एजर्टन यांचे दुधाच्या थेंबाच्या मुकुटाचे 1957 सालचे चित्र आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तोही क्षणिक प्रकाशाचाच प्रताप.

पण फ्लॅश कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसविला तर निम्मे काम बिघडते. लांब भिंगाची सावली किड्यावर पडते. उजेड समोरून आल्यामुळे किडा चपटा दिसतो. देवळातील झिजलेला शिलालेख वाचणारा मनुष्य दिवा समोर धरीत नाही, बाजूने तिरपा धरतो; मग अक्षरांच्या कडांना सावल्या फुटतात व लेख बोलू लागतो. किड्याच्या पाठीवरील खाचा, केस आणि ठिपके यांचेही तसेच आहे. म्हणून फ्लॅश वायरीने सोडवून डाव्या हातात घ्यावा व किड्याच्या वरून, किंचित बाजूने धरावा. किंचित मागून धरला तर पंखांच्या शिरा उजळतात. हे आम्हांस चुकीने सापडले.

आता दुसरी गोष्ट, आणि आमच्या मते हीच मुख्य. भुंगेऱ्याची पाठ आरशासारखी. उघडा फ्लॅश तिच्यात पांढरा डाग होऊन उमटतो. स्वच्छ उन्हात सावली कशी कापल्यासारखी पडते, आणि श्रावणात आभाळ भरून आले म्हणजे तीच कशी विरघळते, हे आपण पाहतोच. सूर्य तोच, पण ढगांमुळे सारे आकाशच दिवा बनते. फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर ताणून तो किड्याच्या चार-सहा बोटांवर आणला की मुंगीला तो कागद आकाशाएवढा होतो. आम्ही जुन्या नकाशांच्या वहीतील कागद वापरला. यासाठी महागडी पेटी घेण्याचे कारण नाही.

जवळ आणण्याचा लाभ दुहेरी आहे. अंतर निम्मे केले की प्रकाश चौपट होतो; म्हणून शक्ती कमी ठेवता येते; शक्ती कमी म्हणून चमक अल्पकाळची; आणि चमक अल्पकाळची म्हणून म्हाताऱ्याच्या हातचे चित्रही स्थिर. ही साखळी समजण्यास आम्हांस एक अख्खा पावसाळा लागला. एवढे मात्र खरे की उजेड मागे पोहोचत नाही व भरदुपारी रात्र झाल्यासारखी काळी पार्श्वभूमी येते. किड्यामागे वीतभर अंतरावर एखादे पान येईल असे बसावे.

गेल्या कार्तिकात अंगणातील आंब्यावर तांबड्या मुंग्या पाने शिवून घरटे करीत होत्या. या मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरून सुईदोऱ्याप्रमाणे फिरवितात. रेशीम अळीचे, शिवण मुंगीची. आम्ही स्टुलावर चढलो, नातीने स्टूल धरले. मानेला व मनगटाला मिळून सात चावे घेतले. चोवीस चित्रे फुकट गेली. पंचविसाव्यात अळीच्या तोंडचा धागा स्पष्ट आला, आणि कोणतीही मुंगी फ्रिजमध्ये गेली नाही.

ते चित्र मागील टेबलावर ठेवले आहे. फ्लॅश व कॅमेराही तेथेच आहेत. मुलांनी खुशाल हाताळून पाहावे. फक्त ट्रेसिंग पेपर जपावा, वहीतला तो शेवटचाच आहे.